खाण्यावर गुरगुरणारे कुत्रे : पिल्लू असतानाच लावावयाची सवय



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेतात वस्ती करून राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या दारात एखादे तरी कुत्रे असते. राहुरी-नेवाशाचा उसाचा पट्टा असो, की पारनेर-संगमनेरच्या पठारावरचा मेंढ्यांचा वाडा असो, रात्रीची राखण त्याच्याकडेच असते. गाई-म्हशींच्या खुराकाचा आपण हिशेब ठेवतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र उरलीसुरली भाकरी अंगणात टाकली की काम झाले, असे मानतो. पुढे खाताना कुणी जवळ गेले की ते गुरगुरू लागते आणि एखाद्या दिवशी घरातल्याच लेकराला चावते.

लेकराला धोका अधिक, याचे कारण साधे आहे. भाकरीचा तुकडा हातात घेऊन फिरणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. त्यामुळे चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. चावणारे कुत्रे पिसाळलेले असेल, तर डोक्याजवळच्या चाव्यातून रोगाचा विषाणू मेंदूपर्यंत लवकर पोचतो. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

कुत्रे खाण्यावर का गुरगुरते? मालकाला जुमानत नाही म्हणून नव्हे. तोंडचा घास जाईल, ही त्याला भीती असते. चार पिल्लांना एकाच परातीत घातले, तर दांडगे पिल्लू पोटभर खाते आणि बाकीची हिसकावायला शिकतात. भाकरी कधी मिळते, कधी मिळत नाही. मुले गंमत म्हणून ताटली ओढतात. या सगळ्यातून भीती पक्की होते. उपाशी कुत्रे राखण चांगली करते, असेही काही जण मानतात. तो समज सोडून द्यावा. उपाशी कुत्रे रात्री वस्ती सोडून उकिरडे हुंगत फिरते.

आता पिल्लाविषयी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांत खेळतानाच ते दात हलके लावायला शिकते. घरी आणल्यावर त्याला स्वतंत्र जर्मनची थाळी द्यावी आणि जागा व वेळ ठरवून टाकावी. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन वेळा, पुढे दोन वेळा खायला घालावे. ताकात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी, जोडीला अधूनमधून उकडलेले अंडे चालते. कांदा-लसणाचे कालवण मात्र घालू नये, ते कुत्र्याला बाधते. पिलांना पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

पिल्लू खात असताना घरातल्या मोठ्या माणसाने जवळ जावे, थाळीत अंड्याचा तुकडा टाकावा आणि निघून जावे. रोज एक-दोनदा असे केले, की माणसाचा हात थाळीकडे येतो तो काही द्यायला येतो, हे पिल्लाच्या मनात बसते. त्याने चप्पल किंवा हाड तोंडात धरले, तर ओढाताण करू नये. दुसरा चांगला तुकडा दाखवून ‘सोड’ म्हणावे, सोडले की तो तुकडा द्यावा. काही दिवसांत ते शब्दावर सोडू लागते.

मोठे कुत्रे आधीच गुरगुरत असेल, तर त्याला काठीने मारू नये. गुरगुरणे हा त्याचा इशारा असतो. मार खाऊन ते इशारा देणे बंद करते, भीती मात्र तशीच राहते. मग न गुरगुरता एकदम चावते. मालक कोण हे दाखवण्यासाठी थाळी काढून घेणे तर त्याहून वाईट. त्याला जी भीती होती, ती आपणच खरी करून दाखवतो. त्याऐवजी जिथून ते निवांत खाते, तेवढ्या अंतरावर उभे राहून चांगला तुकडा फेकावा व परत फिरावे. काही दिवसांनी एक पाऊल पुढे जावे. त्याने खाणे थांबवून अंग ताठ केले, डोळे वटारले किंवा घाईघाईने गिळू लागले, की पुन्हा मागे यावे. हे काम मुलांवर सोपवू नये.

काही नियम सर्व घराने पाळावेत. कुत्रे खात असताना मुलांनी जवळ जायचे नाही. दोन कुत्री असतील तर दूर-दूर बांधून खायला घालावे. गाय-म्हैस व्याल्यावर पडलेली वार उकिरड्यावर टाकू नये. तिच्यावर कुत्री भांडतात आणि तिच्यातून सांसर्गिक गर्भपाताचा रोगही पसरतो. खोल खड्ड्यात चुना टाकून ती पुरावी.

शांत कुत्रे एकाएकी चिडके झाले, तर दुखणे समजावे आणि पशुवैद्यकांना दाखवावे. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. ते पिसाळण्याचे लक्षण असू शकते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी, पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी टोचत राहावी.

एवढे करूनही कुत्रे चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. जखम खोल असेल तर लसीबरोबर सिरमही लागते. घरचेच कुत्रे आहे म्हणून थांबू नये आणि लसीचे ठरलेले डोस अर्ध्यात सोडू नयेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही, असेच समजावे.

बंधूंनो, या सगळ्याला खर्च फारसा नाही. एक वेगळी थाळी, ठरलेली वेळ आणि हातातला एखादा जादा तुकडा एवढेच लागते. घरात नवीन पिल्लू आले असेल, तर आज संध्याकाळच्या भाकरीपासूनच सुरुवात करावी.