शुश्रूषा सगळीकडे सारखीच असते का?



रुग्णसेवेला जात, धर्म, देश नसतो, असे आपण अभिमानाने म्हणतो. सेवा करणाऱ्याच्या मनात भेदभाव नसावा, या अर्थाने ते खरेही आहे. पण त्यातूनच आपली एक समजूत होऊन बसते की, शुश्रूषेची रीत एकदा ठरली की ती सगळ्यांना सारखीच लागू पडेल. मला आज याच्या उलट मांडायचे आहे. रुग्णाची श्रद्धा, त्याची नातीगोती, खाणेपिणे, लाज, मरणाविषयीच्या कल्पना समजून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. तो वगळला तर उत्तम औषधही वाया जाते, आणि कधीकधी त्याची किंमत हजारो जिवांनी चुकवावी लागते.

हे सर्वांत कठोरपणे दाखवून दिले ते २०१४ ते २०१६ या काळातल्या पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीने. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक दगावले. इबोलाने मेलेल्या माणसाच्या देहात विषाणूंचा भार प्रचंड असतो, आणि तिथल्या रीतीनुसार घरची माणसे तो देह आंघोळ घालून, हात लावून निरोप देतात. गिनीतील सुमारे ६० टक्के रुग्णांचा संबंध अंत्यविधींशी लागतो, असे तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या ऑगस्ट २०१४ मधील आकडेवारीतून दिसले होते. मग उपाय सरळ वाटला: देह ताब्यात घ्यायचा, पिशवीत घालायचा, क्लोरिन फवारायचे आणि पुरून टाकायचे. लायबेरियाच्या राजधानीत, मन्‍रोव्हियात तर दहनाची सक्ती झाली. शास्त्र म्हणून यात काहीच चूक नव्हती, पण लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. बाप कुठे पुरला हे मुलाला कळणार नसेल, तर तो त्याला उपचार केंद्रात नेईलच कशाला? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम नव्याने लिहिले गेले. काम सुरू करण्याआधी कुटुंबाशी बोलायचे, त्यांची संमती घ्यायची. मुसलमान घरात पाण्याच्या आंघोळीऐवजी कोरडी शुद्धी संरक्षक पोशाखातल्या माणसाने करायची, देहाला कफन द्यायचे. नातेवाइकांनी अंतरावर उभे राहून प्रार्थना करायची, कबरीवर नाव लावायचे. रेड क्रॉसच्या पथकांनी केलेल्या अशा दफनांमुळे किती लागणी टळल्या, याचा पुढे अभ्यास झाला. त्याचा अंदाज १,४११ ते १०,४५२ इतका सैल आहे, पण खालचा आकडा धरला तरी त्यामागे शेकडो जीव आहेत. काँगोतल्या २०१८ च्या साथीत तर रुग्णाला पारदर्शक खोलीत ठेवण्याची सोय झाली. नर्सला बाहेरूनच बाह्यांतून हात घालून शुश्रूषा करता येई, आणि घरच्यांना आपला माणूस डोळ्यांनी दिसे.

रुग्णाची संस्कृती जाणून शुश्रूषा करण्याच्या या विचाराला कितीतरी आधी विद्याशाखेचे रूप दिले ते मॅडेलिन लेनिंजर या अमेरिकन नर्सने. १९५० च्या दशकात सिनसिनाटीत मनोरुग्ण मुलांसोबत काम करताना वेगवेगळ्या घरांतून आलेली मुले एकाच शुश्रूषेला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे तिच्या ध्यानात आले. ती मानववंशशास्त्र शिकली, पापुआ न्यू गिनीतील गडसुप लोकांत राहिली, आणि १९७४ मध्ये तिने आंतरसांस्कृतिक परिचर्येची संस्था स्थापली. परंतु या विचाराला खरी धार आली ती न्यूझीलंडमध्ये, असे मला वाटते. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सने प्रश्नच फिरवला. माओरींच्या चालीरीती पाठ करा, असे तिने नर्सला सांगितले नाही. स्वतःच्या संस्कारांकडे आणि हातातल्या सत्तेकडे आधी बघा, आणि तुमची सेवा सुरक्षित आहे की नाही हे रुग्णाला ठरवू द्या, असे ती म्हणाली. १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ही गोष्ट शिक्षणात सक्तीची केली. वर्तमानपत्रांतून आणि राजकारणातून टीकेचे मोहोळ उठले, तरी तत्त्व टिकले.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, ‘अमुक समाज असा असतो’ अशा याद्या बनतील आणि माणूस त्याखाली दडपला जाईल. ही भीती खरी आहे, आणि रॅम्सडेनची मांडणी हेच तिचे उत्तर आहे, कारण त्यात यादी नसते, विचारणे असते. दुसरा आक्षेप असा की, घातक रूढींनाही मान द्यायचा का? अजिबात नाही. लेनिंजरच्या सिद्धांतात काही रीती जपायच्या, काहींशी जुळवून घ्यायचे आणि काही बदलायच्या, असे तिन्ही मार्ग आहेत. इबोलात देह धुणे थांबलेच, निरोप मात्र राहिला. तिसरा आक्षेप आपल्याकडचा: एका नर्सवर अख्खा वॉर्ड असताना हे चोचले कोण पुरवणार? याचे उत्तर गडचिरोलीत मिळते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत केले. बाळाचे वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इंजेक्शन देणे त्यांना शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६० टक्क्यांहून अधिक घटले. या बायांना गावाची भाषा आणि बाळंतिणीच्या खोलीचे नियम वेगळे शिकवावे लागले नाहीत. ‘सर्च’चे शोधग्राम येथील रुग्णालयही आदिवासींना विचारून झोपड्यांच्या वस्तीसारखे उभारले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. मनुष्यबळ तोकडे असते तिथे लोकांचा विश्वास हीच सर्वांत स्वस्त साधनसामग्री ठरते.

आता नर्सना परदेशात मिळणाऱ्या संधींविषयी. जगात ५९ लाख नर्स कमी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अहवालात सांगितले. त्याच अहवालानुसार आठातली एक नर्स आपल्या जन्माच्या किंवा शिक्षणाच्या देशाबाहेर काम करते. म्हणजे आज खाटेवरच्या रुग्णाइतकीच खाटेशेजारची नर्सही परकी असू शकते. केरळच्या मुलींनी हा रस्ता कधीच तुडवला आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात परिचर्येचाही समावेश आहे. बाहेर जाणाऱ्यांना अडवावे असे मी म्हणणार नाही. चांगला पगार आणि मान शोधण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण ज्या देशांतच नर्सची तीव्र टंचाई आहे तिथून भरती टाळावी, असे २०१० ची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता सांगते. ती ऐच्छिक आहे, म्हणून घरची व्यवस्था सुधारण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर जर्मन भाषा साधारणपणे बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. ही अट रास्त आहे. रुग्णाला कुठे दुखते हे ज्या नर्सला कळत नाही, तिच्या हाती रुग्ण सोपवू नये. हीच कसोटी आपण आपल्या राज्यात लावू या. मेळघाटात नेमणूक झालेल्या नर्सला कोरकू आणि भामरागडला जाणारीला माडिया शिकण्याची सोय सरकारी खर्चाने, ड्युटीच्या वेळेत व्हावी, त्या भाषेसाठी तिला वेतनात वाढ मिळावी, आणि शिकवायला त्याच गावांतल्या आशाताई आणि सुईणी मानधनावर बोलवाव्यात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र आजही आहे. त्याचे काही तास वर्गाबाहेर, या बायांच्या सोबत पाड्यांवर घ्यायला राज्याच्या आरोग्य विद्यापीठाने पुढच्याच सत्रापासून सुरुवात करावी.