पाय अडला तर ओढू नका

लालबागच्या आमच्या चाळीत आजोबांचे पाय उंबऱ्याशी थिजायचे. आम्ही हात धरून ओढायचो, ते पडायला यायचे. चूक आमची होती. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं, चाल आपोआप सुरू होत नाही. बाहेरून खूण किंवा ताल मिळाला की बऱ्याचदा होते. म्हणून आता दारात रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. आजोबा थांबतात, 'एक-दोन' मोजतात, पट्टी ओलांडतात. गोळी वेळेवर, व्यायाम रोज. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांसाठी काम करतेय, त्यांचे मदतगट शोधा. हात थरथरतो म्हणून आजोबा खाली उतरत नव्हते. काल कट्ट्यावर बसून चहा प्यायले. अर्धा सांडला. हसले, दुसरा मागवला.