पटावरील मूल आणि वर्गातील मूल

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत, शुक्रवार पेठ, सोलापूर येथे केलेले भाषण)



वाणिज्य शाखेत एक धडा आरंभीच मिळतो : खतावणीत नोंद आहे म्हणून माल गोदामात असतोच असे नाही, साठा प्रत्यक्ष मोजावा लागतो. दिव्यांग मुलांच्या समावेशक शिक्षणासही हाच नियम लावावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते 21 केले. त्यातील कलम 16 केवळ प्रवेशापाशी थांबत नाही. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख असावी, असे त्यात म्हटले आहे.

यू-डायस प्लसच्या तक्त्यात रॅम्प, कठडे, स्वच्छतागृह व पटसंख्या नोंदली जाते. ते आवश्यकच आहे. परंतु रॅम्पचा प्रमाणित चढ 1 : 12 असतो, दीड फूट जोत्यास 18 फूट लांबी हवी. आखूड रॅम्पवर मुलास आपली चाकाची खुर्ची एकट्याने चढवता येत नाही. श्रवणयंत्राचेही तसेच. वाटप झाले, ही एक नोंद. सहा महिन्यांनी ते कानात आहे काय, त्याचा सेल चालू आहे काय, ही दुसरी. विडी व यंत्रमाग कामगारांच्या या शहरात अनेक घरांची भाषा तेलुगू वा कन्नड आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलास घरी एक आणि वर्गात दुसरी भाषा लाभते, ही अडचण त्या रकान्यांत दिसत नाही.

म्हणून शाळांनी दर तिमाहीस प्रत्येक दिव्यांग मुलाविषयी चार उत्तरे लिहावीत. मूल किती दिवस आले? किती तास आपल्या वर्गासोबत बसले? ठरलेली मदत, मग ते मोठ्या अक्षरांचे पुस्तक असो वा विशेष शिक्षकांची भेट, किती वेळा मिळाली? आणि ते नवे काय करू लागले? पडताळणी करताना पालकांना व मुलालाही विचारावे.

उत्तर उणे आले तर शाळेस दोष देण्याची घाई नको. जिला विशेष शिक्षकच मिळालेले नाहीत, तिची उणीव त्याच कागदावर उमटू द्यावी. खरे लिहिण्यास शिक्षा होऊ लागली, तर रकाने भरतील आणि मूल मात्र कोपऱ्यातच राहील.

रुग्णालयातील तपासणी मुलास शाळेच्या दारापर्यंत नेते. त्यापुढील वाट गुरुजनांच्या हाती आहे. त्या वाटेवर आम्ही आपल्यासोबत आहोत.