मातीची डोकी

मी गोदीतला माणूस, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. आमच्या पुस्तकात आफ्रिका म्हणजे गुलामांचा बाजार. त्याआधीचं पान कोरं. म्हणून आज नोकबद्दल बोलणार.

आजच्या नायजेरियाच्या मधल्या भागात इसवी सनापूर्वी 1500च्या सुमाराला हे बाजरी पिकवणारे लोक वस्ती करून होते. पुढे त्यांनी भाजल्या मातीचे पुतळे घडवले. त्रिकोणी डोळे, बुबुळाला भोक. भट्टीत लोखंड गाळलं. नाव मात्र त्यांचं नाही, नोक हे एका गावाचं. 1928 साली तिथं कथलाच्या खाणीत पहिला पुतळा निघाला. नोंद खाणवाल्या कर्नलच्या नावावर, खणणारा मजूर गायब! 1943 साली दुसरं डोकं सापडलं, ते कंदाच्या शेतात बुजगावणं म्हणून उभं होतं.

मग हे संपले कसे? इसवी सनापूर्वी 400 नंतर पुतळे कमी होत गेले, सनाच्या सुरुवातीला बंदच. कुणी म्हणतं पाऊस बदलला, कुणी म्हणतं रोगराई. तिथली आम्लट माती हाडं खाऊन टाकते, त्यामुळे मेलेल्यांची साक्ष नाही. मला कोळशाचं पटतं. भट्टीला झाडं लागतात, झाडं गेली की जमीन जाते. पण पुतळे थांबले म्हणजे माणसं मेली, हे कुणी ठरवलं? पोटामागं माणूस पांगतो, पांगलेल्याला पुतळा परवडत नाही.

आणि उरलेलं? विसाव्या शतकाच्या शेवटी चोरांनी टेकड्या पोखरल्या, डोकी युरोपात विकली. त्यातली एखादी पेटी कुठल्यातरी धक्क्यावर माझ्यासारख्याच कुणीतरी पाठीवर घेतली असेल. आत काय आहे, ते त्याला कोण सांगणार?