समुद्राला वाटाड्या हवा

श्रोतेहो, बीड जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने समुद्रातल्या मासेमारीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. येऊ द्या. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून गोदावरी वाहते, पोटात सिंदफणा आहे, बिंदुसरा आहे, दक्षिणेला मांजरा आहे. पण खाऱ्या पाण्याचा थेंब काही आपल्या वाट्याला आलेला नाही. तरीही हा विषय आपलाच आहे, असे मी म्हणतो. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीत आपल्याकडून शाळांच्या सहली कोकणात जातात, तरुण मंडळी गाड्या करून जातात. अलीकडे त्यांच्यापैकी काहींच्या हातात दुकानातून आणलेली गळाची काठी दिसते, तिला चकचकीत रीळ असते. मंडळी दिवसभर खडकावर उभी राहतात, चार-सहा गळ दगडांत अडकवून तोडतात, आणि संध्याकाळी बाजारातून मासे विकत घेऊन मुक्कामी येतात.

त्यांना नि त्यांच्या गुरुजींना मला एकच गोष्ट सांगायची आहे. काठी घेऊ नका. आधी माणूस घ्या. किनाऱ्याजवळचा समुद्र ज्याला पाठ आहे असा तिथलाच एखादा मच्छीमार एक-दोन दिवस पैसे देऊन बरोबर घ्या, आणि त्याच्याकडून शिका. डोंगरात शिरताना वाटाड्या घेतो ना, तसाच समुद्रालाही वाटाड्या लागतो.

आता कोणी म्हणेल, गळ पाण्यात टाकायला शिकवणारा कशाला? अहो, पेरायला तरी कोठे शिकवणारा लागतो? बी जमिनीत टाकले की झाले! पण काळ्या रानात वाफसा आला की नाही, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले असते? ते आपला म्हातारा ढेकूळ हातात चुरून सांगतो. मालवणचा माणूस आपल्याकडे येऊन स्वतःच्या अकलेने तिफण धरू लागला तर आपण काय म्हणू? नेमके तेच तो आपल्याला खडकावर उभे पाहून मनात म्हणत असतो. सभ्यपणामुळे बोलत नाही, इतकेच.

मी गेली काही वर्षे सुटीत मालवणच्या बाजूस जातो, आणि तेथल्या एका वयस्क तांडेलाकडून हा धडा घेतो. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख. मी त्यांना काका म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. प्राध्यापक काय नि मास्तर काय, त्यांच्या लेखी एकच. आपण ज्याला गळ म्हणतो त्याला ते गरी म्हणतात, आणि गरीने मासे धरण्याला गरवणे. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने सामान काढू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “मास्तरांनू, गरी पिशवीतच रवांदे. आधी दर्या बघा.” आणि त्यांनी मला ओहोटीच्या वेळी, तिकडच्या भाषेत सुकतीला, किनाऱ्यावरून तासभर नुसते हिंडवले.

शिक्षकबंधूंनी हे नीट ऐकावे, कारण शिकवण्याची अशी पद्धत मला वर्गात क्वचित पाहायला मिळाली. सुकतीला पाणी मागे जाते आणि समुद्राचा तळ उघडा पडतो. जणू फळ्यावर आकृतीच काढून ठेवली आहे. इथे वाळूत खोलगट पन्हळ आहे, इथे खडकाची कपार आहे, इथे कालवे चिकटलेली आहेत, इथून खाडीचे पाणी बाहेर निघते. सहा तासांनी हे सगळे पाण्याखाली जाणार, आणि मासा याच वाटांनी चरायला आत येणार. वाळूच्या तळावर मुडदुशे, खडकांत गोबरे आणि तांबोशी, खाडीच्या तोंडाशी शेवटे. मासा काही समुद्रभर सारखा पसरलेला नसतो. गुरे जशी पाणवठ्याच्या वाटेने येतात, तसा तो ठराविक वाटेने, ठराविक वेळेला येतो. ती वाट भरतीत दिसत नाही. सुकतीत पाहून ध्यानात ठेवावी लागते.

मग वेळेचा प्रश्न आला. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा होते आणि रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे आपण भूगोलात शिकवतो आणि मुले परीक्षेत लिहितात. पण आज भरती किती वाजता, असे विचारले तर आपण गप्प! कोकणात याचे साधे गणित आहे. तिथीची पाऊणपट करा. म्हणजे तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. येईल तो पूर्ण भरतीचा सुमार. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या आगेमागे सव्वासहा तासांवर सुकती. मुंबईच्या आसपास हे बऱ्यापैकी जुळते. मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते. पंचांग तर आपल्या घरोघर असते, तेव्हा हे कोष्टक गुरुजींना बीडच्या वर्गातही मांडता येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार थोडा, तो भांग. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मे. गरवायला कोणते पाणी बरे, हे मात्र जागेजागेवर ठरते, आणि ते त्या जागेचाच माणूस सांगणार.

काकांनी मला दाखवलेली दुसरी गोष्ट गणिताच्या शिक्षकांना आवडेल. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली एक खडक आहे, तिथे मासा बसतो. वर सगळे सारखेच निळे पाणी. मग खडक सापडतो कसा? होडीतून पाहताना देवळाचा कळस एका उंच माडाच्या सरळ रेषेत आला पाहिजे, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला डोंगराची खिंड एका घराच्या कोनावर आली पाहिजे. दोन रेषा जिथे छेदतात तिथे खडक. आपला भूमापक साखळी नि झेंड्या घेऊन करतो तेच काम, कागदाविना. अशा कित्येक खुणा त्या माणसाच्या डोक्यात असतात. माड वादळात पडला, की नवी खूण शोधावी लागते.

ही विद्या आहे, श्रोतेहो, आणि विद्येला मोल असते. इथे आपल्या लोकांचे मन अडते. “दोन तास बरोबर आला, त्याचे एवढे पैसे?” असे बोलणे मी किनाऱ्यावर ऐकले आहे. आपण विहीर खणण्याआधी पाणाड्या बोलावतो. तो तळहातावर नारळ ठेवून शेतात हिंडतो, एका जागी थांबतो, आणि आपण निमूटपणे त्याला पैसे देतो, जेवूही घालतो. पाणी लागले नाही तर नशिबाला बोल लावतो. या कोकणच्या पाणाड्याचे म्हणणे तर त्याच दिवशी खरे-खोटे होते! मग घासाघीस त्याच्याशीच का करावी?

त्याचा हिशोबही समजून घ्या. तो आपल्याबरोबर येतो त्या दिवशी त्याची स्वतःची मासेमारी बुडते. तेव्हा एका दिवसाचा त्याचा रोजगार, होडी नेली तर होडीचे भाडे आणि तेल, आमिषाला लागणाऱ्या कोळंबीची किंमत, एवढे धरून आदल्या दिवशीच स्पष्ट बोलावे. मिळालेला मासा कोणाचा, हेही आधीच ठरवावे. मासा मिळाला नाही तरी पैसे द्यायचे, कारण आपण शिकवण्याचे देतो, मासळीचे नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना उचल आणि मजुरी यांचा हिशोब कसा छळतो, हे बीड जिल्ह्याला सांगायला नको. ज्यांनी ते सोसले आहे, त्यांनी तरी दुसऱ्याची मजुरी मोडून घेऊ नये.

आणि त्या माणसाचे दिवस काही सोन्याचे नाहीत. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली, म्हणजे हे ध्यानात येते. रापण हे लांबच लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात, आणि दोन्ही बाजूंच्या दोरांना धरून बायाबापड्यांसह सगळे किनाऱ्यावरून ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. ज्याने दोर ओढला त्याला वाटा, जाळ्याला वाटा, होडीला वाटा. कधी बांगड्यांनी जाळे भरते, कधी मूठभर पेडवे निघतात. खोल पाण्यात मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलू लागल्या, तशी किनाऱ्याशी येणारी मासळी घटली, अशी या लोकांची जुनी तक्रार आहे. २०१६ साली राज्य सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, पण तंटा मिटला नाही. अशा वेळी कोणी परगावचा माणूस शिकायला येतो आणि योग्य मोबदला देतो, तर ती काही भीक नव्हे. अमेरिकेत तर हा राजरोस धंदा आहे. पाहुण्यांना पैसे घेऊन होडीतून मासेमारीस नेणाऱ्या नाखव्याला तिथल्या तटरक्षक दलाचा परवाना काढावा लागतो.

आपल्याकडेही नियम आहेत. साधी मासेमारीची होडी प्रवासी नेण्यासाठी नसते, म्हणून होडीतून जायचे तर परवाना असलेली होडी आणि अंगात जीवरक्षक जाकीट, याबाबत तडजोड नको. मुलांच्या बाबतीत तर मी म्हणेन, होडी नकोच. किनाऱ्यावर शिकण्यासारखे खूप आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे वाटेल तिथे गरी टाकता येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदीचे ठरलेले आहेत, कारण तो माशांच्या विणीचा काळ. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये. पापलेट, ज्याला मालवणात सरंगा म्हणतात आणि जो त्याच वर्षी राज्यमासा झाला, तो १३५ मिलिमीटरच्या आत नको. हे सगळे आपण कोठे पाठ करत बसणार? काका मासा हातात घेताच सांगतात, सोड याला.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः या ध्वनिक्षेपकासमोर बसलो आहे, तिच्याकडे येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले. यांतली बहुतेक कॉलेजातली मुले होती, माझ्या वर्गात बसतात तशी. तेव्हापासून सहलीच्या कागदावर सही करताना माझा हात थांबतो.

विहिरीत पोहणाऱ्या आपल्या मुलाला वाटते, मला पोहता येते. पण विहिरीचे पाणी कोठे जात नाही. समुद्राचे जाते. लाटांनी किनाऱ्यावर चढवलेले पाणी परत फिरायला वाट शोधते. शेताचा बांध एका जागी फुटला की सगळे पाणी जसे त्या खिंडाराकडे धावते, तसे ते वाळूतल्या एखाद्या पन्हळीतून जोराने आत ओढले जाते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत, पोहायला चांगली वाटते! त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ हात मारत राहतो, दमतो आणि बुडतो. त्याने किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायला हवे, मग परतावे. पण मुळात तिथे शिरूच नये. काकांनी पहिल्या दिवशी सुकतीत दाखवलेल्या जागांत अशी एक पन्हळ होती. “हयसर मासो येता, पण माणसान येव नये,” असे ते म्हणाले होते. गरवणे शिकताना हे शिक्षण आपोआप पदरात पडते. मासा कोठे येतो हे ज्याला कळते, त्याला पाणी कोठून ओढते हेही कळते.

म्हणून माझी शिक्षकांना सूचना आहे. सहलीच्या खर्चात बस, जेवण, निवास यांच्या जोडीला एक रक्कम वाटाड्याची लिहा. मुक्काम ठरला की घरवाल्याला विचारा, गरवायला जाणारा गावातला जाणता माणूस कोण. फलक लावून बसलेलाच घ्यायला हवा असे नाही. त्याला काका, भाऊ म्हणून मानाने बोलवा, आणि पहिला तासभर मुलांना त्याच्या मागून उघड्या किनाऱ्यावरून हिंडू द्या. त्याने दाखवलेल्या जागा दुसऱ्या दिवशी दहा जणांना सांगत सुटू नका. ती त्याची भाकर आहे.

सामानाची चिंता करू नका. तंगूस, शिसे आणि चार-सहा गऱ्या तिथल्याच बाजारात मिळतात. गरीचा नंबर जितका मोठा तितकी ती लहान, हे दुकानदार सांगेलच. कोणती घ्यायची ते मात्र वाटाड्याला विचारून घ्या. पायांत दोरीने घट्ट बांधलेले बूट असू द्या, कालवांच्या कडा सुरीसारख्या कापतात. शिंगाळा गरीला लागला तर हाताने काढू नका, त्याच्या काट्याने भयंकर ठणका लागतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की उतार पडतो, मग डॉक्टर गाठावा.

दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर भाऊबीजेची सकाळ धरा. कार्तिक शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती, मालवणला थोडी आधी. तेव्हा सकाळी सहा ते सात या वेळात समुद्र पुरता मागे गेलेला असेल, उधाणाचे दिवस असल्याने तळ दूरवर उघडा असेल, आणि उजाडलेलेही असेल. वाटाड्याला आदल्या रात्री निरोप देऊन ठेवा.