दोन रंगांची एकच अळी

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलानें तगरीवरील दोन अळ्यांचीं चित्रें काढून आणलीं. एक हिरवी, दुसरी तपकिरी. खालीं त्यानें लिहिलें होतें, 'ही एकच अळी आहे.' मीं तांबड्या शाईनें फुली मारली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें मला कळलें कीं, तगरीवरील ती हिरवी अळी कोशांत जाण्याच्या सुमारास खरोखरच तपकिरी होते. मुलगा पाहिलेलें सांगत होता. मी केवळ रंगावर विसंबलों होतों.

रंग किती फसवितो ह्याचें याहून मोठें उदाहरण अमेरिकेंतील सोनोरा वाळवंटांत सांपडतें. तेथें 'हाइलीस लिनिआटा' नांवाचा पतंग आढळतो. फॅब्रिशिअस ह्या शास्त्रज्ञानें १७७५ सालीं त्याचें वर्णन केलें. पावसानंतर रान हिरवें झालें कीं, कधीं कधीं त्याच्या अळ्या हजारोंनीं दिसूं लागतात. कोणी पोपटी, बाजूंना ठिपक्यांची रांग असलेली. कोणी काळीभोर, पिवळ्या रेघांची. कोणी मधल्याच छटेची. नवख्याला त्या निरनिराळ्या जातीच वाटाव्या!

मग ओळख पटवावी कशी? शेपटाकडे शिंग असतें, बहुधा पिवळें किंवा नारिंगी. तें प्रथम पाहावें. नंतर ती कोणत्या झाडावर आहे तें पाहावें. आपल्या परिचयाची घोळ, पुनर्नव्याचीं भावंडें, संध्याकाळीं उमलणारीं ईनोथेराचीं झाडें, हीं तिच्या आवडीचीं. परंतु ही अळी मोठी खादाड. इतर पुष्कळ झाडेंही ती खाते. म्हणून एकट्या झाडाची साक्ष पुरी पडत नाहीं.

खरी कसोटी एकच. जिच्यावर अळी सांपडली त्याच झाडाचा पाला तिला घालावा, आणि ती जमिनींत कोश करते म्हणून पेटींत माती ठेवावी. यथाकाल पतंग बाहेर येतो. पुढच्या पंखांवर बुडापासून टोंकापर्यंत फिकट पट्टा, शिरांवर पांढऱ्या रेघा, मागच्या पंखांवर गुलाबी झांक. अळ्या नाना रंगांच्या, पण पतंगाचा वेष एकच! तेथील टोहोनो ओओढाम लोक ह्या अळ्या गोळा करून भाजून खात आले आहेत. त्यांना ही ओळख पोटाच्या गरजेनें झाली.

श्रोतेहो, आपल्या घरीं एखादें मूल दोन न दिसण्यासारख्या किड्यांना एक म्हणालें, तर तांबडी शाई शोधूं नका. त्याला एक बरणी, थोडी माती आणि त्याच झाडाचा पाला द्या, व त्याच्याबरोबर वाट पाहा. माझी ती फुली मात्र आतां पुसतां येत नाहीं.