शाबूत परतलेला लढवय्या



21 फेब्रुवारी 2019 या दिवशी कॅनडातल्या माँट्रियल शहरात, बेल सेंटर या क्रीडागृहात, जॉर्ज सेंट पिएर या लढवय्यानं पत्रकारांसमोर बसून निवृत्ती जाहीर केली. वय 37. एकूण लढती 28, त्यांपैकी 26 जिंकलेल्या, 2 हरलेल्या. आणि ज्या दोघांकडून तो हरला त्या दोघांनाही त्यानं पुढे हरवलेलं. खेळ मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, म्हणजे एमएमएचा. आठ कोनांच्या जाळीदार पिंजऱ्यात दोघं उतरतात. ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, कुस्तीचे डाव, सांधे पिरगळणं, गळा आवळणं, असं बहुतेक सगळं या खेळात चालतं. अशा खेळाचा इतिहास साहजिकच कोणी कोणाला किती झोकात आडवं केलं, या हिशेबानं सांगितला जातो. मला आज वेगळा हिशेब मांडायचा आहे. या खेळातली कारकीर्द मोजताना माणूस त्यातून किती शाबूत बाहेर पडला हेही मोजायला हवं. त्या मापानं पाहिलं, तर ज्या सावधपणाबद्दल सेंट पिएरला आयुष्यभर बोल लावले गेले, तोच त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम ठरतो.

हा सावधपणा त्याच्या स्वभावातच होता असं कोणी म्हणेल, तर कारकिर्दीची सुरुवात तसं सांगत नाही. क्युबेक प्रांतातल्या सेंट इसिडोर या लहानशा गावात तो वाढला. शाळेत मोठी मुलं मारायची, म्हणून सातव्या वर्षी क्योकुशिन कराटे शिकू लागला. 1993 मध्ये अमेरिकेत यूएफसीची, म्हणजे या लढती भरवणाऱ्या कंपनीची, पहिली स्पर्धा झाली. रॉयस ग्रेसी या सडपातळ ब्राझिलियन माणसानं त्यात एका रात्रीत तिघांना नमवलं. ते पाहून या मुलानं आपली वाट ठरवली. पुढे कचऱ्याच्या गाडीवर काम कर, नाइटक्लबच्या दारावर उभा राहा, असं करत त्यानं सराव चालू ठेवला. 2004 मध्ये मॅट ह्यूजविरुद्ध विजेतेपदाची पहिली लढत मिळाली, आणि पाच मिनिटांची पहिली फेरी संपायला एक सेकंद उरला असताना हात पिरगळला जाऊन तो हरला. त्या वेळी ह्यूजच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची आपली छाती झाली नव्हती, हे त्यानं नंतर स्वतः सांगितलं आहे. 2006 मध्ये त्याच ह्यूजला डोक्यावर लाथ मारून त्यानं विजेतेपदाचा पट्टा जिंकला. तेव्हाचा सेंट पिएर आक्रमक होता, नेत्रदीपक होता; लोकांना हवा होता तसाच.

मग 7 एप्रिल 2007 ची ह्यूस्टनची रात्र आली. समोर मॅट सेरा होता. एका टीव्ही मालिकेतली स्पर्धा जिंकून त्यानं पट्ट्यासाठी लढण्याची संधी मिळवली होती आणि तो जिंकेल असं क्वचितच कोणाला वाटत होतं. पहिल्या फेरीत सेराचा एक ठोसा डोक्यावर बसला आणि सेंट पिएरचा तोल गेला. अशा वेळी जाणता लढवय्या प्रतिस्पर्ध्याला मिठी मारतो, वेळ काढतो, डोकं ठिकाणावर येऊ देतो. सेंट पिएरनं उलट ठोशाला ठोसा द्यायला सुरुवात केली. 3 मिनिटं 25 सेकंदांवर पंचांनी लढत थांबवली. नंतर मानसशास्त्रीय मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून त्यानं एका विटेवर सेराचं नाव लिहिलं, ती वीट जवळ बाळगली आणि शेवटी नदीत फेकून दिली. ही गोष्ट चाहत्यांना फार आवडते. मला मात्र विटेपेक्षा त्यानंतर बदललेली तालीम महत्त्वाची वाटते. फिरास झहाबी हा त्याचा मुख्य वस्ताद झाला. झहाबीही तत्त्वज्ञान शिकलेला, आणि जिउ-जित्सू शिकवणारा न्यूयॉर्कचा जॉन डॅनहरही तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. लढतीचा प्रश्न सुटा करून, समोरच्याला सगळ्यात कमी काय येतं ते शोधून, लढत तिथेच नेऊन ठेवायची, ही पद्धत त्या तालमीत पक्की झाली. वर्षभरानं माँट्रियलमध्ये त्यानं सेराला दुसऱ्याच फेरीत निष्प्रभ केलं आणि पट्टा परत आणला. त्यानंतर पिंजऱ्यात तो कधीच हरला नाही.

आपल्याकडच्या कुस्तीशौकिनांनी या माणसाकडे पाहावं असं मला वाटतं, ते त्याच्या दुहेरी पटासाठी. अमेरिकेतले बहुतेक चांगले लढवय्ये शाळा-कॉलेजच्या कुस्तीतून येतात. ह्यूज त्यातला, जॉन फिच त्यातला, जॉश कॉशचेक तर राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता. सेंट पिएरनं शाळेत कधी कुस्ती केली नाही. मोठा झाल्यावर माँट्रियलमध्ये कॅनडाच्या ऑलिंपिक दर्जाच्या मल्लांबरोबर तो मॅटवर उतरला आणि त्यांचा मार खात शिकला. पण पिंजऱ्यात या अमेरिकन मल्लांना नुसत्या कुस्तीनं आपण पुरे पडणार नाही, हे त्यानं ओळखलं. म्हणून त्यानं पट ठोशामागे लपवला. डावा हात सरळ सुटायचा, तो जॅब. समोरच्यानं तो अडवायला हात वर घेतले, की त्याच क्षणी हा गुडघे वाकवून खाली शिरायचा आणि दोन्ही पाय काढायचा. चार-पाच वेळा असं झालं की समोरचा पायांच्या राखणीला हात खाली ठेवू लागायचा, आणि मग जॅब तोंडावर बसायचा. कॉशचेकला 2007 मध्ये त्यानं कुस्तीतच मागे टाकलं. डिसेंबर 2010 मध्ये पुन्हा गाठ पडली तेव्हा कॉशचेक पट अडवण्याच्या तयारीनं आला होता, तर याच जॅबनं त्याच्या उजव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. तो डोळा पहिल्या फेरीपासूनच सुजत गेला, आणि पाचही फेऱ्या डावा हात त्याच जागी येत राहिला. यात दांडगाई कुठेच नाही. वर्षानुवर्षं घोटून पक्की केलेली ही कारागिरी आहे.

आता यावरचा मोठा आक्षेप. 2009 ते 2013 या काळातल्या त्याच्या सलग सात लढती पंचांच्या गुणांवर सुटल्या. आपल्या जत्रेतल्या आखाड्यात बसणाऱ्याला हा आक्षेप समजावून सांगावा लागणार नाही. निकाली कुस्ती झाली तर फेटे उडतात, गुणांवर सुटली की लोक उठून जातात. सेंट पिएर पुढे असतो, सुरक्षित असतो, मग शेवटचा घाव का घालत नाही, असं लोक म्हणत. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. एप्रिल 2011 मध्ये टोरांटोला पंचावन्न हजार लोकांपुढे झालेली जेक शील्ड्सबरोबरची लढत कंटाळवाणी होती, हे मान्यच करायला हवं. पण त्याच लढतीत त्याच्या डाव्या डोळ्याला इजा झाली होती आणि त्या डोळ्यानं त्याला नीट दिसत नव्हतं. थियागो आल्वेसविरुद्ध जांघेचा स्नायू ताणलेला असताना तो शेवटपर्यंत लढला. डॅन हार्डीचा हात त्यानं एकाच लढतीत दोनदा पक्का अडकवला होता. हार्डीनं वेदना सोसली, हार मानली नाही, म्हणून ती लढत गुणांवर गेली. निकाल लागला नाही, याचा दोष दर वेळी जिंकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. आणखी एक गोष्ट विसरली जाते. विजेतेपदाची लढत पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते. पंचवीस मिनिटं जगातल्या त्या वेळच्या पहिल्या आव्हानवीराला त्याचं एकही हत्यार नीट चालवू द्यायचं नाही, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं, हे एका फटक्यात बेशुद्ध करण्यापेक्षा अवघड काम आहे. फटक्यात नशिबाचा वाटा असतो, सेराच्या फटक्यात तो होताच. पंचवीस मिनिटं सलग नशीब साथ देत नाही. कार्लोस काँडिटविरुद्ध नोव्हेंबर 2012 मध्ये तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पडलेल्या एकोणीस महिन्यांच्या खंडानंतर उतरला. तिसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ बसून खाली पडला, आणि या वेळी ह्यूस्टनसारखा चवताळला नाही. पाठीवर पडल्या पडल्या त्यानं काँडिटला अडवलं, सावरला, उठला, लढत जिंकला. पाच वर्षांत तो काय शिकला, याचा याहून स्वच्छ पुरावा मला दाखवता येणार नाही.

दुसरा आक्षेप त्याच्या जाण्याबद्दलचा आहे. 16 नोव्हेंबर 2013 ला लास व्हेगासमध्ये जॉनी हेंड्रिक्सविरुद्ध त्यानं नवव्यांदा आणि शेवटच्यांदा विजेतेपद राखलं, पण तीन पंचांपैकी दोघांनी त्याच्या बाजूनं आणि एकानं विरुद्ध कौल दिला. हेंड्रिक्सच जिंकला असं अनेकांचं मत होतं, आजही आहे. सुजलेल्या चेहऱ्यानं सेंट पिएरनं पिंजऱ्यातच सांगितलं की आपण काही काळ दूर जाणार. यूएफसीचा प्रमुख डेना व्हाइट यानं त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. फेरलढत देणं सेंट पिएरचं कर्तव्य आहे, असं व्हाइटचं म्हणणं. डिसेंबरात सेंट पिएरनं पट्टा सोडला. याला पळ काढणं म्हणायचं का? त्याच्या बाजूच्या गोष्टी पाहा. त्या लढतीआधी त्यानं स्वतंत्र संस्थेकडून उत्तेजक चाचणी व्हावी, खर्च आपण करू, असा प्रस्ताव दिला होता आणि त्यावर दोन्ही बाजूंचं जुळलं नव्हतं. कंपनीनं बाहेरच्या संस्थेकडून काटेकोर चाचण्या सुरू केल्या त्या जुलै 2015 मध्ये. झोप लागत नाही, डोक्यातून लढत जात नाही, असं तो सांगत होता. आणि 2014 च्या मार्चमध्ये त्याच्या दुसऱ्या गुडघ्याचाही अस्थिबंध सरावात तुटला. मुळात ज्या खेळात डोक्यावर मार बसतो, तिथे पुढच्या लढतीचं कर्तव्य असतं तरी कोणाप्रती? प्रेक्षकाला फेरलढत बघावीशी वाटते हे खरं, पण मेंदू प्रेक्षकाचा पणाला लागत नाही.

न थांबणाऱ्यांचं काय झालं, तेही पाहू. चक लिडेल हा या खेळाला लोकप्रिय करणाऱ्यांतला एक. 2008 ते 2010 या काळात तो सलग तीनदा ठोशांनी आडवा होऊन हरला. मित्र असलेल्या डेना व्हाइटनंच त्याला थांब म्हणून विनवलं. तो थांबला, आणि 2018 मध्ये 48 व्या वर्षी परत आला. टिटो ऑर्टिझनं त्याला पहिल्याच फेरीत आडवं केलं. बी. जे. पेन हा सेंट पिएरचा एके काळचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी, दोन वजनगटांचा विजेता. त्याच्या शेवटच्या सातही लढती हरलेल्या आहेत. यांच्यात धाडस कमी होतं का? उलट जास्तच होतं, आणि तेच त्यांना महागात पडलं.

सेंट पिएर स्वतः परत आलाच, हे मी विसरत नाही. 4 नोव्हेंबर 2017 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, चार वर्षांनी, वरच्या वजनगटात उतरून त्यानं मायकल बिस्पिंगला ठोशानं खाली पाडलं आणि मागून गळा आवळून बेशुद्ध केलं. निकाली, हे मुद्दाम सांगतो. आणि मोठ्या आतड्याला सूज आणणारा आजार जडल्यानं महिन्याभरानं तोही पट्टा सोडला. या ठिकाणी टीकाकारांचं मला पटतं. त्या गटात रॉबर्ट व्हिटेकर हा हंगामी विजेता रांगेत उभा होता. त्याला डावलून एका मोठ्या नावाला थेट संधी दिली गेली, आणि ती सेंट पिएरनं घेतली. हा अन्याय होता; आजार खरा असला तरी होता.

सगळ्यात जड आक्षेप मात्र अजून बाकी आहे. थांबणं त्याला परवडलं, इतरांना परवडत नाही. यावर माझ्यापाशी खोडून काढणारं उत्तर नाही, कारण ते खरंच आहे. एमएमएचे खेळाडू कंपनीचे नोकर धरले जात नाहीत, ते स्वतंत्र कंत्राटदार. निवृत्तिवेतन नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉल वा अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मिळतो. इथे तो त्याच्या निम्म्याहूनही कमी राहत आला आहे. 2016 च्या नोव्हेंबरात सेंट पिएर, केन व्हेलास्केझ आणि आणखी तिघांनी खेळाडूंची संघटना जाहीर केली. ती टिकली नाही. त्याआधी, 2014 मध्ये, काही माजी खेळाडूंनी कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. दहा वर्षांनी, 2024 मध्ये, तो 37 कोटी 50 लाख डॉलरवर मिटला. पण भरपाई ही झाल्या नुकसानीची असते. करार किती वर्षं बांधून ठेवू शकतो, हा प्रश्न तसाच राहिला आहे. खुद्द सेंट पिएरचंच पाहा. निवृत्तीच्या वेळी त्याला हलक्या वजनगटाचा तेव्हाचा विजेता खबीब नुर्मागोमेदोव याच्याशी लढायचं होतं, कंपनीनं ते जुळवलं नाही. 2021 मध्ये माजी मुष्टियोद्धा ऑस्कर दे ला होया याच्याशी मुष्टियुद्धाचा एक प्रदर्शनीय सामना ठरत होता. निवृत्त होऊन दोन वर्षं उलटलेल्या या माणसाला कंपनीनं जुन्या कराराच्या जोरावर तोही खेळू दिला नाही. मुष्टियुद्धात प्रवर्तकांच्या अशा करारांना आळा घालणारा, मुहम्मद अलीच्या नावाचा कायदा अमेरिकेत 2000 पासून आहे. तो एमएमएला लागू करावा असं विधेयक 2016 मध्ये तिथल्या काँग्रेसमध्ये मांडलं गेलं आणि तसंच पडून राहिलं. ते मंजूर व्हायला हवं होतं, आणि अजूनही व्हायला हवं.